शांततेची मालकी कोणाची?

आल्वार आल्टो या वास्तुशिल्पज्ञाने योनास कोक्कोनेन या संगीतकारासाठी फिनलंडमधील यार्वेनपा येथे बांधलेल्या घराविषयी समाजवादी पत्रात लिहिण्याचे प्रयोजन काय, असे काही कार्यकर्ते विचारतील. एका कलावंताची प्रशस्त व्हिला. तिचा श्रमिकांशी संबंध कोणता? आक्षेप प्रामाणिक आहे, म्हणून त्याचा विचार केला पाहिजे.

1967 ते 1969 या काळात उभारलेल्या या घराचा मध्यबिंदू दिवाणखाना नसून पियानो आहे. संगीतकाराची कामाची खोली प्रथम ठरली आणि बाकीचे घर तिच्या अनुषंगाने आखले गेले. घरातील वर्दळीचा आवाज त्या खोलीत पोहोचू नये आणि पियानोचा आवाज कुटुंबाला जाचक होऊ नये, याची दक्षता आल्टोने घेतली. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर येथे शांतता ही उपभोग्य वस्तू नाही. ती उत्पादनाचे साधन आहे. सुताराला रंधा, तशी संगीतकाराला शांतता. याच घरात ‘अखेरची प्रलोभने’ ही संगीतिका आकाराला आली. पाव्हो रुओत्सालाइनेन या शेतकरी धर्मोपदेशकाच्या जीवनावरील ही कृती 1975 मध्ये हेलसिंकीत रंगभूमीवर आली.

परंतु भिंतींनी आवाज अडतो, पोटाची चिंता अडत नाही. कोक्कोनेन 1959 ते 1963 या काळात सिबेलियस अकादमीत रचनाशास्त्राचे प्राध्यापक होते. 1963 मध्ये ते फिनलंडच्या अकादमीचे सदस्य झाले. विज्ञान व कला या क्षेत्रांतील मोजक्या व्यक्तींना राष्ट्राच्या तिजोरीतून वेतन देऊन त्यांच्या कामासाठी मोकळे करणारी ही संस्था होती. म्हणजे घर आल्टोने रेखाटले खरे, पण त्यात बसून काम करण्यास लागणारा वेळ करदात्या जनतेने पुरविला. या देशात ही परंपरा जुनी आहे. सिबेलियस यांना 1897 मध्येच सरकारी वर्षासन मंजूर झाले होते.

ज्याची किंमत समाजाने मोजली, त्यावर समाजाचा हक्क पोहोचतो. यार्वेनपा येथीलच सिबेलियस यांचे ‘आयनोला’ हे घर सरकारने 1972 मध्ये त्यांच्या मुलींकडून विकत घेतले आणि 1974 पासून ते लोकांना खुले झाले. कोक्कोनेन यांचे घरही कालांतराने नगरपालिकेकडे आले आणि त्यात मैफली भरू लागल्या. खाजगी शांततेचे हे सामाजिकीकरण आहे आणि ते कोणाचेही घर न पाडता साधले आहे.

तथापि एवढ्यावर समाधान मानणे भाबडेपणाचे ठरेल. याच आल्टोने 1936 नंतरच्या काही वर्षांत कोटका शहराजवळ सुनिला येथे लगदा कारखान्याच्या नोकरवर्गासाठी वसाहत रेखाटली. पाइनच्या झाडांत विखुरलेल्या त्या इमारतींत कामगारालाही ऊन, हवा आणि झाडे लाभली. मात्र व्यवस्थापकाचे घर वेगळे, अभियंत्यांचे वेगळे, कामगारांचे वेगळे! प्रतिभावंताच्या नकाशातही वर्गरेषा पुसली गेली नव्हती, कारण ती पुसणे हे एकट्या वास्तुशिल्पज्ञाचे काम नव्हते.

म्हणून कोक्कोनेन यांच्या घराकडे पाहून ‘ही चैन आहे’ असे म्हणून पाठ फिरविणे मला मान्य नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपता येईल, परीक्षेला बसलेल्या मुलीला दार लावून वाचता येईल, एवढी शांतता घरात असणे हीही चैनच काय? गृहनिर्माणाचा हिशेब आपण चौरस फुटांत मांडतो. त्यात एकांताचा रकाना नाही. तो घालण्याची मागणी चळवळीने केली पाहिजे. एका संगीतकाराला समाजाने दिले ते अनाठायी नव्हते; अनाठायी आहे ते बाकीच्यांना नाकारणे.