कोणत्या डोळ्याने?
‘डोळ्यांनी पाहिलं’ म्हटलं की आपल्याकडे वाद मिटतो. आठव्या-नवव्या शतकातला तत्त्वज्ञ जयराशी भट्ट नेमका तिथेच अडवतो. समोर पाणी दिसलं. ते पाणीच, मृगजळ नव्हे, हे कशावरून? डोळा निर्दोष आहे म्हणून? मग तो निर्दोषपणा कोणत्या डोळ्याने पाहिला? आणि ज्ञान खरं ठरलं म्हणून डोळा निर्दोष म्हणावा, तर फिरून तिथेच आलो. मला या प्रश्नाचं चोख उत्तर आजही सापडलेलं नाही. त्याचा ‘तत्त्वोपप्लवसिंह’ हा ग्रंथ गुजरातेत पाटणच्या ग्रंथभांडारात ताडपत्रांवर टिकून राहिला आणि १९४० साली बडोद्याहून छापला गेला. भारतीय दर्शनं म्हणजे निव्वळ श्रद्धा, असं मानणाऱ्यांनी तो आधी वाचावा.