सिस्टर, आधी तळहात बघ

मी दवाखान्यातली सिस्टर. वस्तीतलीच. आमच्या खात्यात एक रोग आहे, तो कुठल्याच केसपेपरवर येत नाही. पेशंटचा पत्ता वाचून निदान करायचं!

झोपडपट्टीतली बाई म्हणाली, अंगावरून पांढरं जातंय, की टेबलामागून पहिला सवाल, 'किती जणांकडे जातेस गं?' अख्खी ओपीडी ऐकते. बाई पदर तोंडावर घेऊन जाते ती परत फिरकत नाही. अरे, आधी बघा तरी! दह्यासारखं घट्ट नि खाज सुटलेली, तर बहुतेक बुरशी. ती कुणाकडे न जाताही होते. हिरवट-पिवळं, फेसाळ, घाण वासाचं, तर ट्रायकोमोनासचा संशय धरा. तो संबंधातून येतो. मग औषध नवऱ्यालाही द्यावं लागतं. पण नवऱ्याला बोलवा म्हटलं की सगळ्यांची दातखीळ बसते.

आता दुसरी बाई. हातात पाटल्या, आडनाव भारी, सातवा महिना. तळहातांवर, तळपायांवर तांबूस चट्टे, खाज नाही. 'साबणाची अ‍ॅलर्जी' म्हणून मलम दिलं गेलं. मी तिथंच उभी. गरमीच्या दुसऱ्या टप्प्यात असेच चट्टे येतात, हे मी शिकलेले. पहिली जखम दुखत नाही, आपोआप भरते, आत असली तर बाईला कळतही नाही. सगळं पाठ होतं. पण 'असल्या घरात' विचारायचं कसं? मी गप्प बसले. प्रत्येक गरोदर बाईचं रक्त व्हीडीआरएलला पाठवायचं, हा नियम. तिचं पाठवलंच नव्हतं.

मूल मेलेलं जन्मलं. रक्त मग तपासलं. गरमीच निघाली. वेळेत पेनिसिलीन टोचलं असतं तर बहुतेक वाचलं असतं ते पोर. वस्तीतल्या बाईला जो सवाल चारचौघांत फेकला जातो, तो हिला पडद्याआड, नीट शब्दांत विचारायची माझी हिंमत झाली नाही. जात माझ्याही डोळ्यात बसली होती म्हणायची.

सरकारी सुरक्षा क्लिनिकात औषधांची रंगीत किटं असतात. अंगावरून जाण्याला हिरवं, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळं. रंग लक्षणांना दिलेत, गल्ल्यांना नाही. आणि कित्येक बायांना लक्षणच नसतं, तिथं किट काय करणार? तिथं रक्तच बघायला हवं.

आता मी पडदा ओढते, तळहात बघते, रक्ताचा कागद भरते. परवा एक पाटल्यावाली चिडली, 'मला कशाला?' म्हटलं, 'ताई, सगळ्यांचंच घेतो. हात पुढं करा.'