कौतिक कोण होणार?

उद्धव शेळके यांची ‘धग’ 1960 साली आली. वऱ्हाडातलं एक शिंप्याचं घर, घराकडं पाठ फिरवणारा महादेव आणि त्या घराचा गाडा एकटीनं ओढणारी त्याची बायको कौतिक. संवाद अस्सल वऱ्हाडी. विदर्भाच्या बाहेरही ज्यांनी ती वाचली, त्यांच्या मनातून कौतिक गेली नाही. लोहाऱ्यातली काही पोरं सध्या ही कादंबरी रंगमंचावर आणायच्या खटपटीत आहेत. मी त्यांच्या वाचनाला जाऊन बसतो. भूमिका वाटायची वेळ आली आणि कौतिक कोणी करायची यावर बरीच चर्चा झाली. त्या चर्चेत मी एका बाजूचा आहे आणि ती बाजू इथं मांडतो.

लोहारा यवतमाळला लागलेलं. एमआयडीसीमुळे दारव्हा, दिग्रस, घाटंजी, पांढरकवडा अशा चहूकडच्या माणसांनी इथं बिऱ्हाडं केली. त्यामुळे या गटातल्या पोरांच्या घरी एक भाषा नाही. कोणाच्या घरी गोरमाटी, कोणाच्या घरी गोंडी, एकाची आजी अजून कोलामीतच रागावते, दोघांच्या घरी हिंदी. रस्त्यावर मात्र सगळे वऱ्हाडी बोलतात. कौतिकचे संवाद सगळ्यात चांगले वाचले ते तांड्यावरून आलेल्या एका मुलीनं. त्यावर एका वडीलधाऱ्या हितचिंतकांनी सुचवलं, की कौतिक एखाद्या वऱ्हाडी घरातल्या पोरीला द्यावी आणि हिच्यासाठी मध्ये एक बंजारा नाच टाकावा, प्रेक्षकांना आवडेल.

सूचना प्रेमानं केलेली होती, हे मान्य. पण ती मला पटत नाही. ‘धग’मध्ये नाचाला जागा नाही. आपल्या भागात वर्षानुवर्षं हेच होत आलं आहे. गॅदरिंग असो, पाहुण्यांचं स्वागत असो, तांड्यावरच्या पोरींनी घागरा घालून नाचायचं, कोलाम पोडावरच्या पोरांनी ढोल वाजवायचा, आणि नाटक दुसऱ्यांनी करायचं. त्या पोरीला नाच येतो, तो सुंदरही आहे. पण तिला कौतिक करायची आहे आणि ती तिला जमते आहे.

जमते म्हणजे काय, ते सांगतो. वाचताना बाकीच्या मुली कौतिकचं दुःख आवाजात आणत होत्या. ही मांडी घालून बसली, ओळीखाली बोट सरकवत राहिली आणि आवाज चढवलाच नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘काऊन’ हे तिच्या तोंडून सहज येत होतं, फक्त वाक्याच्या शेवटाला तांड्याचा हलका हेल होता. घरात पीठ नाही हे सांगणारी बाई रोजचंच सांगावं तसं सांगते, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. समोर महादेव वाचणारा पोरगा आपोआप खाली बघू लागला. दिग्दर्शन करणाऱ्या पोरानं तिथंच वहीत तिचं नाव लिहिलं. माझ्या मते त्यानं योग्य केलं.

स्वतः न भोगलेलं नटानं करावं का, असा प्रश्न पुष्कळजण विचारतात. मराठी रंगभूमीवर याचं एक उत्तर 1987 साली मिळालेलं आहे. उत्तम बंडू तुपे यांची ‘झुलवा’ ही जोगतिणींच्या आयुष्यावरची कादंबरी. चेतन दातार यांनी तिचं नाट्यरूपांतर केलं, वामन केंद्रे यांनी ते बसवलं. त्यातल्या जोगत्याच्या भूमिकेनं सयाजी शिंदे यांचं नाव झालं. ते काही जोगते नव्हते. ते जगणं निरखून आणि अंगात मुरवून उभं केलेलं ते काम होतं.

दुसरं उत्तर आपल्या जिल्ह्याजवळचं आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं, हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेलं ‘तेरवं’. त्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या घरच्या बायाच रंगमंचावर आल्या. राजूरच्या वैशाली येडे त्यांच्यातल्याच, आणि जानेवारी 2019 मध्ये यवतमाळच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन त्यांच्या हातून झालं. एका ठिकाणी नटानं दुसऱ्याचं जगणं कमावलं, दुसऱ्या ठिकाणी जगणारीच नटी झाली. दोन्ही नाटकं खरी उतरली, कारण दोन्हीकडं कष्टाला कोणी फाटा दिला नाही. आमच्या तांड्यावरच्या पोरीचं जगणं या दोहोंच्या मधलं आहे. कौतिकची जात तिची नाही, कौतिकची चूल तिला पाठ आहे.

भाषेचं म्हणाल, तर वऱ्हाडीला नाटकात पुष्कळदा गड्याचं किंवा हसवणाऱ्या पाहुण्याचं काम मिळतं. ती भाषा पूर्ण वेळ सभागृह धरून ठेवते हे शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ एकट्यानं करून यवतमाळला दाखवलं होतं. ‘धग’मध्ये तीच भाषा भूक सांगते, अपमान सांगते. तिच्यात तांड्याचा हेल मिसळला तर बिघडणार काहीच नाही. दारव्ह्याची वऱ्हाडी आणि वणीची वऱ्हाडी तरी कुठं एक आहे?

कादंबरीचं नाटक करताना खरी अडचण येते ती लेखकाच्या निवेदनाची. संवाद उचलता येतात, पण संवादांच्या मधलं जे लेखक बोलतो ते कोणाच्या तोंडी घालायचं? परतवाड्यात जन्मलेल्या गो. नी. दांडेकरांच्या कादंबऱ्यांचं अभिवाचन वीणा देव आणि त्यांच्या कुटुंबानं 1975 पासून केलं. नेपथ्य नाही, वेशभूषा नाही, आणि लोक कान देऊन ऐकत. निवेदनातही नाट्य असतं, हे त्यातून शिकायचं. आमच्या पोरांनी ठरवलं आहे, की प्रवेशात नसलेले सगळे रंगमंचावरच बसतील आणि निवेदन वाटून घेतील. गोंडी घरातला पोरगा, हिंदी बोलणारी पोरगी, सगळे. मला हा निर्णय फार आवडला. कौतिकची गोष्ट मग एका घराची राहत नाही, सगळा गट ती सांगतो.

महादेवाला महारोग होतो, तो भाग सगळ्यात अवघड जाणार आहे. या पोरांनी तो धसका पाहिलेला नाही. औषधानं रोग पूर्ण बरा होतो, हेच त्यांना माहीत. मी त्यांना महारोग्यांसाठीच्या अमरावतीच्या तपोवनाबद्दल सांगितलं, शिवाजीराव पटवर्धनांनी ते 1946 मध्ये का उभं केलं ते सांगितलं. वरोऱ्याचं आनंदवन तर वणीच्या पोरांना जवळचंच. महादेव करणारा पोरगा आधी बोटं वाकडी करून दाखवत होता. मग त्याला कळलं, की या रोगात पहिली जाते ती संवेदना. आता तो शिवताना सुई बोटात घुसल्यासारखं करतो, आणि दचकत नाही. शिंप्याला सुई टोचलेली कळत नाही, एवढ्यानं बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. बोटं त्यानं सरळच ठेवली आहेत.

पायाची शिलाई मशीन मिळाली आहे, तिचा पट्टा तेवढा बदलायचा आहे. पोरींच्या घरच्यांना माझी विनंती आहे: तालमी संध्याकाळी असतात, उशीर झाला तर पोरींना घरापर्यंत पोचवायला आम्ही मोठी माणसं येतो. कौतिक करणाऱ्या पोरीच्या आईनं परवा तालमीला यायचं कबूल केलं आहे. तुम्हीही या, शेवटपर्यंत बसा, आणि बोलीत कुठं चुकलं ते तिथंच सांगा.