तालमीच्या दाराबाहेरचा दीड तास

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारी कुटुंबे आता आपल्या शहरांत पूर्वीइतकी विरळा राहिलेली नाहीत. त्यांच्या निर्णयाचा निवाडा करणे हे या सदराचे काम नव्हे. मात्र अशा घरांचा दिनक्रम वैद्याच्या नजरेने पाहिला, तर एक गोष्ट चटकन लक्षात येते. शाळेची घंटा नसलेल्या घरात दिवसाला आकार येतो तो बाहेरच्या एखाद्या ठरलेल्या वेळेमुळे. कोठे ती पोहण्याच्या तलावाची असते, कोठे तबल्याच्या शिकवणीची. आणि बऱ्याच घरांत ती असते नाट्यवर्गाची.

आपले मूल नऊ-दहा वर्षांचे आहे आणि वर्ग दुपारी साडेचारला भरतो, असे समजू. मग पावणेचारला घर सोडावे लागते. त्यापूर्वी तीनच्या सुमारास काहीतरी हलके, म्हणजे केळे, भाजलेले शेंगदाणे, थोडे पोहे, असे पोटात जावे लागते, कारण भरल्या पोटी उड्या मारणे आणि रिकाम्या पोटी संवाद म्हणणे दोन्ही अवघड. म्हणजे दुपारचे जेवण साडेबाराला, आणि गणित-भाषा जे काही व्हायचे ते त्याच्या आत. या हिशेबात मुलाचे सारे बसते. बसत नाही ते शिकविणाऱ्याचे जेवण. बहुतेक घरांत ही जबाबदारी आईवर असते, काही घरांत वडिलांवर. पण ओट्यापाशी उभ्याउभ्याने उरलेसुरले खाण्याची रीत दोहोंची सारखीच.

आता वर्ग सुरू झाल्यावर काय होते ते पाहा. मूल आत जाते आणि पालक जिन्यावर बसतो. हातात फोन, अधूनमधून दाराच्या फटीतून आत नजर. मला आज बोलावयाचे आहे ते या दीड तासाविषयी.

घरी शिकणाऱ्या मुलाचा शिक्षक, परीक्षक आणि प्रेक्षक दिवसभर एकच असतो. त्या प्रेमळ नजरेखालीच ते वाचते, चुकते, रुसते. नाट्यवर्गात प्रथमच त्याला दहा-बारा अनोळखी नजरा भेटतात. तेथे आपली पाळी येईपर्यंत थांबावे लागते, कधी राजा न होता झाड व्हावे लागते, संवाद विसरला तर तो शेजारच्याकडून उचलावा लागतो. हे घरात कितीही प्रयत्न केला तरी शिकविता येत नाही. आणि दारात आई उभी असेल, तर मूल मित्रांकडे न पाहता तिच्याकडेच पाहात राहते.

आपल्या बालरंगभूमीचा प्रवास आठवला तर हे अधिक स्पष्ट होईल. सुधा करमरकरांनी १९५९ मध्ये मुंबईत लिटल थिएटर सुरू केले, तेव्हा परीकथेचे जग रंगमंचावर दिमाखात अवतरले. पुढे १९८०च्या दशकात डॉ. मोहन आगाशे यांच्या पुढाकाराने बर्लिनमध्ये जन्मलेली ग्रिप्सची नाट्यपद्धती पुण्यात रुजली. तिने मुलांचे खरेखुरे प्रश्न, मोठ्यांशी होणारे त्यांचे खटके, मुलांच्याच बाजूने मांडले. आगाशे पेशाने मनोविकारतज्ज्ञ आहेत, हे येथे ध्यानात घेण्याजोगे. आजच्या नाट्यवर्गातही ‘घरातील एक भांडण करून दाखवा’ असे सांगितले जाते. आपले मूल त्या वेळी आपलाच चढलेला आवाज हुबेहूब उतरवील. ते त्याला मोकळेपणाने करता यावे, यासाठी आपण दाराजवळ नसणे आवश्यक आहे. आणि परतताना रिक्षात ‘आज काय काय शिकवलं?’ असे विचारू नये. मूल जे सांगेल ते ऐकावे. न सांगेल ते त्याचे.

मुलाकडे दुसऱ्या कोणाची नजर असण्याचा एक निव्वळ वैद्यकीय लाभही आहे. फळा दिसत नाही, हाक ऐकू येत नाही, खेळताना धाप लागते, या गोष्टी कित्येकदा शाळेतील बाईंच्याच प्रथम ध्यानात येतात. घरी मूल आपल्या हाताच्या अंतरावर बसते, त्यामुळे अधू दृष्टी आणि कमी ऐकू येणे दोन्ही लपून राहतात. म्हणून दर तीन-चार महिन्यांनी नाट्यप्रशिक्षकांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: खोलीच्या दुसऱ्या टोकाहून दिलेली सूचना याला कळते का? आणि इतर मुलांच्या मानाने हा लवकर दमतो का? शाळा ज्यांची आठवण करून देते ती कामेही आता आपल्याच दिनदर्शिकेत लिहावी लागतात. पाच-सहा वर्षांच्या वयात त्रिगुणी लसीची वर्धक मात्रा, दहाव्या आणि सोळाव्या वर्षी धनुर्वात-घटसर्पाची लस. वर्षातून एकदा उंची, वजन, डोळे आणि दात यांची तपासणी.

प्रयोगाच्या आठवड्यात आवाज बसला, तर पाणी आणि मौन हेच पहिले औषध. कुजबुजणे ही विश्रांती नव्हे. त्यानेही स्वरयंत्रावर ताण येतो. दोन-तीन आठवड्यांनंतरही घोगरेपणा टिकला, तर कान-नाक-घसातज्ज्ञांना दाखवावे. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला ९ ते १२ तास झोप लागते. तालमीच्या उत्साहात ती कापली जाऊ नये. संध्याकाळचे जेवण लवकर आणि दिवे वेळेवर मालवणे, एवढे पुरते.

आता उरली आपली स्वतःची प्रकृती. घरी शिकविणाऱ्या आया माझ्याकडे येतात त्या मुलाचा खोकला दाखविण्यासाठी. निघताना उंबरठ्यावर थांबून म्हणतात, ‘डॉक्टर, माझंही डोकं हल्ली रोज दुखतं.’ तपासावे तर कोणाचा रक्तदाब वाढलेला, कोणाचे हिमोग्लोबिन उतरलेले. आपल्या देशात १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने दाखविले आहे. नोकरी करणाऱ्या स्त्रीला निदान घरी येतानाच्या बसमध्ये एकटेपण मिळते. जिची नोकरी आणि घर एकाच खोलीत आहे, तिला तेही मिळत नाही.

म्हणून माझी सूचना अशी. नाट्यवर्गाचा दीड तास हा पालकाचा औषधोपचार समजावा. प्रशिक्षकांकडे आपला फोन क्रमांक असावा, मुलाच्या हाती पाण्याची बाटली द्यावी आणि तेथून निघावे. पहिली पाऊण तास भरभर चालावे. प्रौढांना आठवड्यातून किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम हवा. दोन वर्गांत त्यांतील ९० मिनिटे होऊन जातात. उरलेल्या वेळात बसून चहा घ्यावा, बहिणीला फोन करावा, वा काहीच करू नये. महिन्यातील एखादा वर्ग रक्तदाब मोजण्यासाठी, रक्ततपासणीसाठी किंवा दाताच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवावा. मात्र त्या वेळात उद्याच्या गणिताची तयारी करू नये.

पहिल्या एक-दोन खेपांना मूल दाराकडे वळून पाहील, आणि आपणही जिन्यावरून पाहाल. तिसऱ्या खेपेस बहुधा कोणीच पाहणार नाही. वर्ग सुटल्यावर मात्र दारात अगदी वेळेवर हजर असावे.