नाकांतील कोंब आणि शस्त्रक्रिया

नाकांत मांसाचे कोंब वाढून श्वास कोंडतो, वास कळेनासा होतो. या विकारास सुश्रुताचार्यांनीं नासार्श म्हटलें आहे. अर्शांवर औषध, क्षार, अग्नि व शस्त्र असे चार उपाय ते सांगतात. औषध प्रथम, शस्त्र शेवटीं, हा क्रम आजहि पटतो: आधीं स्टिरॉइडचा फवारा, त्यानें न निभावल्यास शस्त्र. प्राचीन ग्रीक वैद्य तर दोऱ्यास बांधलेला स्पंजाचा बोळा नाकांतून तोंडावाटे ओढीत. रोग्याचे हाल न बोललेलेच बरे!

पुढें तारेच्या फासानें कोंब खुडूं लागले. दिसला तेवढा निघे, पण मूळ हाडांतील पोकळ्यांत राहून तो पुन्हा उगवे. काल्डवेल यांनीं १८९३ सालीं व लुक यांनीं १८९७ सालीं ओठाखालीं छेद घेऊन गालाची पोकळी उघडण्याची रीत काढली. मूळ हातीं लागे, परंतु गाल सुजे, कधीं बधिरहि होई. हल्लीं नाकपुडींतूनच दुर्बीण घालून पोकळ्यांचीं तोंडें मोकळीं करितात. आम्हांस हीच रीत सरस वाटते. मात्र डोळा व मेंदू यांलगतच्या भिंती फार पातळ, म्हणून आधीं सी. टी. स्कॅन हवाच.

आमच्या लोहाऱ्याहून यवतमाळचें सरकारी वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. असें असतां वैदूकडून कोंब उपटून घेणें हें धाडस नव्हे, अविचार होय. एकाच नाकपुडींतला, रक्त येणारा कोंब अर्बुदाचा असूं शकतो. लहान मुलांत तर क्वचित् मेंदूचें आवरणच खालीं उतरलेलें असतें.

शस्त्रक्रियेनंतरहि मिठाच्या पाण्यानें नाक धुणें व तोच फवारा डॉक्टर सांगतील तोंवर चालू ठेवणें भाग आहे. दमेकऱ्यांत कोंब पुन्हा येण्याचें भय अधिक. ॲस्पिरिन सोसत नसेल तर तें आधींच सांगावें.