गौरव पदक आई-वडिलांचे. देशभक्तीचा दाखला नव्हे

लष्करी केंद्रातले प्रशिक्षण पूर्ण झाले की कसम परेड होते. राष्ट्रध्वज मैदानात आणला जातो. पंडित, मौलवी, ग्रंथी आणि पाद्री आपापले धर्मग्रंथ घेऊन उभे राहतात. हुकूम होईल तिथे, जमिनीवरून, समुद्रातून वा आकाशातून, जीव धोक्यात घालूनही जाईन, अशी शपथ मुले घेतात. त्यानंतर अनेक केंद्रांमध्ये आई-वडिलांना पुढे बोलावून त्यांना ‘गौरव पदक’ दिले जाते. ज्या बापाला सरकारी कचेरीत कधी कुणी खुर्ची दिली नसेल, त्याला त्या दिवशी अधिकारी सलाम करतात.

गोंडपिपरीसारख्या तालुक्यात या क्षणाची किंमत काय असते, हे आपल्याला ठाऊक आहे. वैनगंगेच्या अलीकडे गोंडपिपरी, पलीकडे आष्टी आणि गडचिरोली जिल्हा. जंगल, धान आणि कापूस. मोठा कारखाना नाही, म्हणून पहाटे रस्त्यावर धावणारी मुले दिसतात. कुणाला पोलीस भरती, कुणाला वनरक्षक, कुणाला फौज. त्यात आपल्या मोहल्ल्यातलीही मुले असतात. कुणाचे अब्बा पंक्चर काढतात, कुणाची अम्मी शिलाई करते. असा मुलगा कामठी, बेळगाव किंवा सागरच्या केंद्रात ३१ आठवडे घाम गाळून कसम परेडमध्ये उभा राहतो, तेव्हा घरच्यांची छाती फुगणारच. फुगावीच.

अडचण पुढे सुरू होते. गणवेशातला फोटो व्हॉट्सॲपवर फिरू लागतो आणि खाली लिहिले जाते, ‘बघा, मुसलमानही देशासाठी लढतात.’ लिहिणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. अनेकदा लिहिणारे आपणच असतो. पण त्यातला ‘ही’ तपासा. शेजारच्या घरातला मुलगा भरती झाला की आपण नुसते अभिनंदन करतो. आपल्या मुलाच्या वेळी मात्र जणू साऱ्या समाजाची बाजू मांडायची असते. कुणी आरोप केला की आपण हवालदार अब्दुल हमीद यांचे नाव घेतो. एका शिंप्याचा हा मुलगा सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणला पॅटन रणगाड्यांसमोर उभा राहिला आणि त्याला मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. त्यांचे नाव जरूर घ्यावे, पण वकिलाने पुरावा दाखवावा तसे नव्हे. पुरावा दाखवायला निघालो की आरोपात तथ्य आहे, हे आपण अर्धे मान्य केलेले असते.

इतिहासही हेच सांगतो. स्वातंत्र्यापूर्वी मराठा पलटणींमध्ये दख्खनी मुसलमानांच्या कंपन्या होत्या. आजही गौरव पदक देताना ‘तुमची निष्ठा सिद्ध झाली’ असे कुणी म्हणत नाही. गोंड आदिवासी आईला, बौद्ध बापाला, मुस्लिम अम्मीला ते सारखेच मिळते. ते मुलगा वाढवल्याबद्दल आणि तो देशाच्या हवाली केल्याबद्दल असते. त्यात आपण दुसरा अर्थ घालू नये.

अभिमानाबरोबर घरात काळजीही येते. तिच्यावर बोलायला आपण कचरतो. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि शिपाईपदाची भरती चार वर्षांची झाली. चार वर्षांनंतर २५ टक्क्यांपर्यंत अग्निवीर कायम होतात. बाकीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये सेवानिधी घेऊन परततात, पेन्शनशिवाय. पहिल्या वर्षी ठरलेले वेतन ३० हजार. त्यातले ९ हजार याच निधीत जातात. हे घरात आधीच सांगितले पाहिजे. नाहीतर वाजतगाजत पाठवलेला मुलगा पंचविशीच्या आत परत आला की लोक त्याला ‘नापास झाला’ म्हणतील. तो नापास झालेला नसेल.

दीनाबाबतचे प्रश्नही मोकळेपणाने बोलावेत. पलटणींमध्ये सर्वधर्म स्थळे असतात, मौलवींचे पद असते. दाढीच्या बाबतीत मात्र नियम कडक आहेत. हवाई दलातला दाढीबंदीचा नियम सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये योग्य ठरवला. नियम पटणे न पटणे वेगळे, पण भरतीआधी तो माहीत असावा.

मग आपण काय करायचे? सत्कार, हार, बॅनर एका दिवसाचे असतात. त्याऐवजी मुलांची तयारी करून घेऊ. दहावीची गुणपत्रिका, आधार आणि जन्मदाखला यांवर नावाचे स्पेलिंग एकच आहे का, हे आजच बघा. आपल्या घरांमध्ये ‘शेख’, ‘मोहम्मद’ तीन ठिकाणी तीन प्रकारे लिहिलेले असते आणि ऐनवेळी धावपळ होते. आता मैदानाआधी ऑनलाइन लेखी परीक्षा असते, त्यामुळे नुसते धावून भागत नाही. १६०० मीटर साडेपाच मिनिटांत आणि दहा बीम हे पूर्ण गुणांचे लक्ष्य, पण त्याआधी गणित आणि सामान्य ज्ञान. मशिदीलगतची खोली किंवा शाळेचा वर्ग संध्याकाळी दोन तास अभ्यासिका म्हणून उघडा. कोणत्याही समाजाचे मूल तिथे बसू शकेल, असे बघा.

मुलींना विसरू नका. अग्निवीर म्हणून मुलींना लष्करी पोलिसात जाता येते. ३० मे २०२५ रोजी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून पहिल्या १७ मुली बाहेर पडल्या. चंद्रपूरजवळ भिवकुंडला सैनिक शाळा आहे. सहावीच्या प्रवेश परीक्षेचा अर्ज आपल्या किती घरांनी भरला, हे एकदा मोहल्ल्यात विचारून पाहा.

आणि ज्यांना फौजेत जायचे नाही, त्यांनी संकोच बाळगू नये. शिक्षक, नर्स, वायरमन, शेतकरी होऊनही हा देश आपला आहे. वर्दी हा एक सन्मानाचा रोजगार आहे, नागरिकत्वाची अट नाही. पुढच्या वेळी कुणाचा मुलगा किंवा मुलगी प्रशिक्षण पूर्ण करून येईल, तेव्हा त्या आई-वडिलांना सरळ मुबारकबाद द्या. वाक्यात ‘ही’ घालू नका.