पडायला शिकताना

ज्युदो म्हटले की समोरच्याला उचलून आपटणेच डोळ्यांपुढे येते. पण आपटायचे म्हणजे कुणीतरी आपटून घ्यायला हवे, आणि नवशिक्याच्या वाट्याला आधी तेच काम येते!

टोकियोत लेकाकडे मुक्काम असताना, अठ्ठावन्नाव्या वर्षी मी हा उद्योग आरंभला. तिथल्या ‘दोजो’ची तऱ्हा आपल्या तालमीसारखीच, फक्त लाल मातीऐवजी चटया. पहिले कितीतरी दिवस नुसते पडायचे. त्याला म्हणतात ‘उकेमी’. आधी उताणे निजून हात चटईवर फाडकन आपटायचे; मग बसून मागे कलंडायचे, मग उकिडवे, शेवटी उभ्याने. हनुवटी छातीशी आणि नजर आपल्याच पट्ट्याच्या गाठीवर, म्हणजे डोके जमिनीला लागत नाही. पडणारा माणूस हात टेकून सावरू पाहतो आणि मनगट मोडून घेतो. तोच हात तळव्यासकट आडवा आपटला की धक्का साऱ्या हातावर वाटला जातो.

हे शास्त्र रुजवले जिगोरो कानो यांनी. १८८२ साली, अवघ्या एकवीस वर्षांच्या या गृहस्थांनी टोकियोतल्या एइशोजी देवळात, बारा चटयांच्या जागेत नऊ शिष्यांनिशी ‘कोदोकान’ ही शाळा काढली. जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे डाव त्यांनी मोकळ्या झुंजीतून वगळले. उरलेले डाव मात्र पूर्ण जोराने टाकता यावेत, म्हणून समोरच्याला नीट पडता यायलाच हवे.

माझे अंग काही ऐकेना. पाठ टेकण्याच्या ऐन क्षणी मान ताठ व्हायची. आमची आई न्हाणीघरात घसरून पडली, खुबा मोडला, आणि ती पुन्हा अंथरुणावरून उठली नाही. तेव्हापासून आमच्या घरात कुणी जिन्यावर जरा अडखळले, तरी सगळे धावतात. हे सेन्सेईंना सांगण्याइतके जपानी मला येत नव्हते. ते आपले मानेखाली हात धरून म्हणायचे, “मो इक्काई!” — आणखी एकदा.

शेजारी सात-आठ वर्षांची पोरे गोट्यांसारखी गडगडत होती. त्यांतच आमचा नातू. एकदा कानाशी येऊन म्हणाला, “आजोबा, तुम्ही पडायच्या आधीच घाबरता.”

तिसऱ्या आठवड्यात उभ्याने पडलो, हात वाजला, आणि मान चटईच्या चार बोटे वर राहिली. न्हाणीघराच्या फरशीवर चटई नसते, हे मला ठाऊक आहे. तरी त्या रात्री पुष्कळ दिवसांनी आईविषयी लेकाशी बोललो.

येत्या बुधवारपासून खांद्यावरून पुढे कोलांटी. सूनबाईंनी तेलाची बाटली आतापासूनच काढून ठेवली आहे.